अर्धी पात

सोयाबीनची पानं गळून नुसत्या शेंगा उरल्या की माझ्या मांड्या आपोआप ताठ होतात. दसरा जवळ आलेला असतो. सकाळी अंगणात उभं राहिलं तरी शिवारातून तो वास येतो, वाळलेल्या पाल्याचा, धुळीचा, किंचित तेलकट. साखरखेर्ड्याच्या बाजारात विळ्यांना धार लावून घ्यायला गर्दी होते. घरोघरी जुने पायमोजे शोधले जातात. ते पायात घालायला नसतात. सोंगताना, म्हणजे पीक कापताना, शेंगांची टोकं बोचू नयेत म्हणून बाया ते हातात चढवतात. बाकीच्यांना या दिवसांत दिवाळीचे वेध लागतात. मला राग येतो. दोन वर्षं झाली, आश्विन लागला की तो न चुकता येतो, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघते.

मी गावात ब्लाऊज शिवते आणि वेळ मिळाला की असं काहीबाही लिहिते. आमचं चार एकर वावर आहे, त्यात दरवर्षी सोयाबीन आणि मधे मधे तूर. सोंगणीला आम्ही माणसं लावत नाही. आळीतल्या सहा घरांची सावड आहे. आज सहाही बाया तुझ्या वावरात, उद्या माझ्या, असं करत सगळ्यांची सोंगणी उरकायची. पहाटेच निघतो, कारण दवानं शेंग मऊ असते. ऊन चढलं की ती तडकते आणि दाणे मातीत जातात. बांधावर ओळीनं उभं राहायचं, एकेकीनं चार तासं, म्हणजे पिकाच्या चार ओळी, धरायची. त्या चार तासांना पात म्हणतात. एकदा पात धरली की समोरच्या बांधापर्यंत सोडायची नाही. गावात कोण किती शिकलेली, कुणाच्या अंगावर काय, हे सगळं वावराच्या बाहेर. आत बाईचा मान तिच्या पातीवर.

अर्धी पात म्हणजे दोन तासं. ती म्हाताऱ्यांना देतात, बाळंतपणातून नुकत्या उठलेलीला देतात. दोन वर्षांपूर्वीच्या सोंगणीत ती मला दिली गेली, तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते.

देणारी लीलाआक्का. माझ्या नवऱ्याच्या चुलत भावाची बायको, म्हणजे माझी थोरली जाऊ, वयानं दहा-बारा वर्षांनी मोठी. उंच, खणखणीत आवाजाची. सावडीत पाती वाटायचं काम तिचं, आणि तिच्या शब्दापुढे कुणी जात नाही. याचं अर्धं कारण तिचा आवाज आहे आणि अर्धं कारण तिचे पाय. आक्का पायाळू आहे. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. अशा माणसाची लाथ लागली की कंबरेत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. पंचक्रोशीतून माणसं येतात. रविवारी सकाळी, अनशापोटी, आक्काच्या उंबरठ्यात पालथं पडायचं. ती डावा पाय धुते, दाराची चौकट धरते आणि टाचेनं कंबरेवर तीनदा लाथ मारते. मारताना बोलायचं नाही. झाल्यावर मागं वळून पाहायचं नाही. तीन रविवार.

माझी कंबर त्या वर्षी पोळ्यापासून धरली होती. सकाळी अंथरुणातून उठताना कुशीवर वळून, हात टेकून, मग हळूहळू सरळ व्हायचं. वाकून भांडं उचललं की खाली उजवीकडे कुणीतरी पक्कड लावल्यासारखं व्हायचं. मी मलम चोळलं, विटेनं शेकलं, मेडिकलमधून पट्टा आणून बांधला. मग गेले आक्काच्या उंबरठ्यात.

पहिल्या रविवारी तिनं रीतसर तीन लाथा मारल्या. गुण आला नाही. दुसऱ्या रविवारी जरा जोरात मारल्या. तिसऱ्या रविवारी तिचा पाय माझ्या कंबरेत असा बसला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी सिमेंटच्या फरशीवरच पुसलं. सोमवारी मी आधीपेक्षा जास्त वाकून चालत होते.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. तिनं वाईट व्हावं म्हणून मारलं नव्हतं. तक्रार पुढची आहे. आक्काच्या लाथेनं सगळ्यांना गुण येतो, हे गावात ठरलेलं. मला आला नाही. मग आता चूक कुणाची? सोंगणीच्या पहिल्या दिवशी बांधावर, सगळ्यांसमोर, आक्कानं ते कोडं सोडवलं.

"माह्या पायानं मेहकरपासून आलेल्याले गुन येते. हिलेच काऊन येत नाई? दुखतच नसन तं उतरन काय?"

कुणीतरी हसलं. मी म्हणाले, "आक्का, खरंच दुखून राह्यलं हो."

"हाव ना, सोंगनी आली की दुखते. शिलाईच्या मशीनीवर बसाले नाई दुखत." मग तिनं विळ्यानं कडेकडे दाखवलं, जिथे तुरीच्या ओळीला लागून चारच तासं उरली होती. "जाय. तू अन् गोदाबाई, दोघी मिळून एक पात धरा. लेक म्हनून घेते सावडीत. पुढच्या साली पाहू."

त्या "पुढच्या साली पाहू"चा अर्थ सगळ्यांना कळला. अर्ध्या पातीवाली सावडीत फार दिवस टिकत नाही. तिला काढली की तिच्या वावरात सोंगायला कुणी येत नाही.

गोदाबाई सत्तरीच्या पुढची. ती खाली बसून, सरकत सरकत सोंगते. दोन तासं तिची, दोन माझी. मग एक पेंढी बांधून बाजूला ठेवता ठेवता म्हणाली, "मले तं वयानं आनली अर्धीवर. तुले कोनं आनली व?"

समोर आक्काची पाठ दिसत होती, बांधाच्या दिशेनं पुढे पुढे जाणारी. त्या पाठीकडे बघत मी सगळा दिवस काढला. संध्याकाळी घरी आले तेव्हा मनात एकच गोष्ट पक्की होती. मला कंबर बरी करायची नव्हती. मला आक्काच्या बाजूची पुरी पात धरायची होती आणि तिला मागं टाकायचं होतं. कंबर बरी होणं हे त्याच्यासाठी लागणारं सामान होतं.

चांगल्या हेतूनं माणूस बरं होतं असं लोक म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे.

दिवाळीनंतर आमच्या ह्यांनी मला गाडीवर बसवून चिखलीला नेलं. तिथे एक तरुण मॅडम व्यायामाचा दवाखाना चालवायची. मी कंबर पुढे करून उभी राहिले, आता ही इथे काय ते करील म्हणून. तिनं कंबरेला हातच लावला नाही फारसा. म्हणाली, एका पायावर उभ्या राहा. राहिले, तर माझा खुबा एका बाजूला घसरला आणि मी तिचं टेबल धरलं. मग म्हणाली, हात न लावता खुर्चीवरून उठा. दोनदा उठले, तिसऱ्यांदा मांड्या थरथरायला लागल्या. कुशीवर झोपवून वरचा पाय उचलायला लावला, तर तो पाय माझा नसल्यासारखा जड झाला.

"काकू, तुमची कंबर आळशी नाहीये," ती म्हणाली. "तीच एकटी काम करतेय. बसायच्या जागेचा मोठा स्नायू, खुब्याच्या बाजूचा, मांडीचा, हे सगळे ढिले पडलेत. तुम्ही वाकता तेव्हा भार त्यांनी घ्यायचा असतो. ते घेत नाहीत, म्हणून कंबर घेते. मग ती बोंबलणारच. सगळ्यांचं असंच असतं असं नाही, पण तुमचं हे आहे."

मलम कंबरेला, शेक कंबरेला, पट्टा कंबरेला, लाथा कंबरेला. जी बिचारी सगळ्यांचं ओझं वाहत होती, तिलाच सगळ्यांनी धरून मारलं, आणि वर म्हणाले की हिला काही होतच नाही. मला तिची इतकी दया आली की त्या दवाखान्यातच मी दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसले. मॅडमला वाटलं मी आजाराला घाबरले.

मग मांड्या ढिल्या का पडल्या, तेही तिनं विचारून विचारून काढलं. नवीन घर बांधलं तेव्हा स्वयंपाकाचा ओटा आला. सासऱ्यांच्या गुडघ्यासाठी खुर्चीचा संडास आला. नळ दारात आला. शिलाई मशीनला पायडल होतं, त्याला मोटर लावून घेतली, कारण गिऱ्हाईक वाढलं होतं. बारा महिन्यांत उकिडवं बसायची वेळ माझ्यावर येतच नव्हती. आणि आश्विन आला की एकदम पंधरा दिवस ओणवं. गुडघे ताठ, कंबरेतून घडी. सुखं सगळी मांड्यांनी खाल्ली आणि शिक्षा कंबरेला झाली. मला माझ्याच ढुंगणाचा राग आला. एवढं मोठं, एवढ्या वर्षांचं, आणि एक काम धड करत नाही.

तो हिवाळा मी सुडात काढला. सुडाला एरवी फार काही सामान लागत नाही, माझ्या सुडाला एक गोधडी आणि एक भिंत लागली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दार लावून गोधडीवर उताणी पडायची, गुडघे वर घ्यायचे आणि खालचं अंग उचलून धरायचं. कुशीवर पडून पाय वर. भिंतीला पाठ टेकून, खाली खुर्ची नसताना खुर्चीवर बसायचं. प्रत्येक प्रकार दहा वेळा. सुरुवातीला सहाव्या-सातव्याला मांडी थरथरायची. तेव्हा मी डोळे मिटून आक्काचा आवाज आठवायची, "दुखतच नसन तं उतरन काय?" आणि आठवा व्हायचा, नववा व्हायचा, दहावा व्हायचा. आक्कानं मला किती मदत केली हे तिला माहीत नाही. मशीनची मोटरही मी काढून टाकली. मॅडमनं तसं काही सांगितलं नव्हतं. पण माझा त्या मोटरवरही डूख होता.

एकदा हे अचानक घरात आले. मी एका पायावर, हात कंबरेवर, भिंतीकडे तोंड करून उभी. थोडा वेळ बघून म्हणाले, "कोनता देव हाय हा?"

"लीलाआक्का," मी म्हणाले.

ते बाहेर गेले. पण तेव्हापासून माझ्या व्यायामाच्या वेळी दाराबाहेरच्या ओट्यावर बसून राहायचे आणि कुणी आलं तर, कामात हाय म्हणून परत पाठवायचे. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या रागाला एवढा मान त्यांनी कधी दिला नव्हता.

उन्हाळ्यात वाकून भांडं उचललं आणि पक्कड लागली नाही. मी ते भांडं परत खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. चार-पाचदा तरी तसं केलं. पोळ्यापर्यंत मी एका पायावर तीस मोजेपर्यंत उभी राहत होते, काही न धरता, खुबा न घसरू देता.

आणि मग गेल्या वर्षीची सोंगणी आली. बांधावर दव होतं. आक्कानं पाती वाटल्या आणि मान न वळवता म्हणाली, "शोभे, तू अन् गोदाबाई कडंनं."

"मले पुरी द्या आक्का. तुमच्या बाजूची."

तिनं आता मान वळवली. "सोसंन का?"

"तुमी काळजी नका करू."

मी विळा चालवायला लागले. गुडघे वाकवलेले, मागची बाजू खाली, कंबर सरळ. भार मांड्यांत उतरत होता, आणि त्या तो घेत होत्या. ज्यांनी मला वर्षभर फसवलं त्याच आता राबत होत्या, आणि मी त्यांना दयामाया दाखवत नव्हते. अर्ध्या वावरापर्यंत आम्ही बरोबरीनं होतो. मग मला डाव्या कानाला आक्काचा श्वास ऐकू यायला लागला, मग तो मागं पडला. ऊन चढत होतं, शेंगा तडकण्याचे बारीक आवाज येत होते. मी बांधाला विळा टेकवला, उभी राहिले आणि वळून पाहिलं. आक्का वीस-पंचवीस हात मागे होती. तिनं सरळ व्हायला म्हणून एक हात कंबरेवर ठेवला आणि ती तशीच राहिली. अर्धी वाकलेली. तिला सरळ होता येत नव्हतं.

मला आनंद झाला. लपवून काय करायचं? दोघींनी तिला धरून झाडाखाली नेलं, त्यात मी नव्हते. मी गोदाबाईची तासं उरकायला गेले. गोदाबाईनं एकदा झाडाखाली पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तंबाखूची चिमूट दाढेत धरली.

तीन-चार दिवस आक्का सोंगणीला आली नाही. गावात मोठीच पंचाईत झाली होती. सगळ्यांची उसण उतरवणारी, तिची कोण उतरवणार? स्वतःच्या कंबरेत स्वतःची लाथ घालता येत नाही. दुसरं पायाळू माणूस जवळपास कुणाला माहीत नव्हतं. रविवारी सकाळी मी अंगण झाडत होते, तर आक्का भिंतीला धरून धरून माझ्या दारात आली. अनशापोटी आली होती, हे तिच्या तोंडावरून कळत होतं.

"शोभे, मार," ती म्हणाली.

"काय?"

"लाथ मार."

"मी कुठं पायाळू हाय, आक्का?"

"नसली तं नसली." ती धाप टाकत थांबली. "पायाळूले गुन असते पायाचा. तुले मारावं वाटते, ते का कमी हाय? वर्षभर मनात धरून हायस. मले काय दिसत नाई?"

आणि ती माझ्या उंबरठ्यात पालथी झाली. हळूहळू, एकेक गुडघा टेकत, पदर सावरत. तिची ती लांब पाठ, जिच्याकडे बघत मी एक अख्खी सोंगणी काढली होती, माझ्या पायाशी होती.

मी डावा पाय धुतला. रीत आहे म्हणून. मग पाय उचलला. आणि सवयीनं चौकट धरायला हात गेला, कारण मी आजवर ही लाथ चौकट धरूनच मारलेली पाहिली होती. हात अर्ध्यात थांबला. मला कशाला हवी चौकट? मी तर धरल्याशिवाय उभी राहू शकते. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चौकट धरणं ही रीत नव्हतीच. आक्काला धरल्याशिवाय एका पायावर उभंच राहता येत नव्हतं. कोण जाणे किती वर्षांपासून. गावानं तिचा तोल जाणं हाच विधी मानला होता. ती माझ्या कंबरेत लाथा घालत होती, तेव्हा तिचा खुबाही माझ्यासारखाच घसरलेला होता, आणि आमच्या दोघींतली एकच खोटी ठरली.

मी एका पायावर उभी राहून मनात तीस मोजायला लागले. पाय तिच्या कंबरेच्या वर, अधांतरी. दहा. पंधरा. मला मारायची फार इच्छा होती, तिसऱ्या रविवारची लाथ, मोजून तेवढ्याच जोराची. वीस.

"मार ना व," आक्का फरशीत तोंड घालून म्हणाली. "वाट काय पायतं?"

तीस झाले आणि मी पाय खाली ठेवला. दया आली म्हणून नाही. लाथ मारली असती तर फिटंफाट झाली असती, आणि मला फिटंफाट नको होती.

"लाथेनं नाई उतरत आक्का," मी म्हणाले. "दवाखान्यात दाखवू. अन् काम कराचंच असन तं अर्धी पात घ्या. गोदाबाईसंग."

ती बराच वेळ उठली नाही. मग मी तिला काखेत हात घालून उठवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. झाल्यावर मागं वळून पाहायचं नसतं, तीही रीतच आहे. आठवडाभरानं ती वावरात आली तेव्हा पाती मी वाटल्या, ती नसताना ते काम माझ्याकडे आलं होतं, आणि ती तुरीच्या कडेला जाऊन उभी राहिली. दोन तासं धरून, म्हाताऱ्या बाईच्या शेजारी. त्या दिवशी मी मुद्दाम सावकाश सोंगलं, मागं वळून वळून बघता यावं म्हणून.

दिवाळीनंतर जीपनं मीच तिला चिखलीला नेलं. मॅडमनं आधी सगळं तपासलं, पायाला मुंग्या येतात का, बधिर होतं का, ते विचारलं. मग म्हणाली, एका पायावर उभ्या राहा आजी. आक्कानं टेबल धरलं. मॅडम माझ्याकडे बघून हसली, मी हसले नाही. येताना जीपमध्ये आक्का इतकंच म्हणाली, "तव्हा तुही कंबर खरंच दुखत होती."

"हाव."

एवढ्यानं माझा राग जायला हवा होता. बऱ्याच जणींचा गेला असता.

रविवारी अजूनही कुणी ना कुणी आक्काच्या उंबरठ्यात येतं. ती लाथ मारते, आणि मग, "शोभाकडंही जाऊन ये," म्हणते. आणि स्वतः रोज सकाळी माझ्याकडे येते. माझ्याच गोधडीवर पडते. वर्ष होत आलं. आता तिला उठताना भिंत लागत नाही. काल आम्ही दोघी वावर बघून आलो. सोयाबीन पिवळं पडलंय, चार-सहा दिवसांत विळा लागेल. यंदा तिची पात पुरी असेल, माझ्या शेजारची. मला ते आवडत नाही, पण पाती मीच वाटते, आणि जिला पुरी झेपते तिला अर्धी द्यायची नसते. ते मला तिच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आज सकाळीही ती कुशीवर पडून पाय उचलत होती आणि मी शेजारी बसून मोजत होते. नऊ. दहा. ती थांबली.

"अजून एक," मी म्हणाले.

ती रोज थांबते आणि मी रोज हेच म्हणते. आज पहिल्यांदाच तिनं विचारलं, "मॅडम तं दहाच म्हने ना व?"

"हाव. दहा तुमच्या कंबरीचे. अकरावा माह्या कंबरीचा."

आक्कानं पाय उचलला.